विस्तवाची वाटणी

धर्मशाळेत मला दिलेलं पहिलं काम उंदीर बघायचं. सकाळी उठलं की कणग्या सरकवायच्या, पाट्यामागे, पाण्याच्या रांजणामागे, छपराच्या वाशांवर नजर फिरवायची. धावणारा उंदीर दिसला तर आनंद मानायचा. मेलेला दिसला तर तसाच टाकून आबांकडे निरोप धाडायचा, कारण उंदीर पडला की पाठोपाठ माणूस पडायचा. त्या काळी नंदुरबारात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुठल्या आळीत उंदीर पडले अशी बातमी आली की ती आळी संध्याकाळच्या आत रिकामी व्हायची. लोक अंथरूण-पांघरूण, दाणे, गुरं घेऊन शेतात झोपड्या घालून राहायचे, आणि उन्हाळा तापला की परत यायचे. सुरतेकडून रेल्वे आली तेव्हा वाटसरूंसाठी म्हणून आमची धर्मशाळा बांधलेली. वाटसरू दोन रात्री राहून जायचे. पण जे जायचे नाहीत त्यांचंच पुढे ते घर झालं. कोणी आंधळं, कोणी लंगडं, कोणी नुसतंच म्हातारं.

मी तापीकाठच्या एका गावातली. सासरी जमीन होती, माणसंही होती, पण नवरा गेल्यावर आणि मूल नसल्यावर त्या घरात मला कोपरा तेवढा उरला होता. आबा माझे चुलतसासरे. धर्मशाळेचा कारभार गावातल्या पंचांनी त्यांच्यावर सोपवलेला. एक दिवस ते आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "रडत बसाले काय पैसा पडतस? चाल. चार म्हाताऱ्यास्ले भाकर कर." मी गेले. रडणं थांबलं असं नाही, पण रडायला वेळ मिळेना.

तिथल्या म्हाताऱ्या माणसांत एक होती, तिला सगळे मोठी माय म्हणायचे. दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळी. आणि अंगण झाडायचं काम तिचं. आंधळ्या बाईला झाडायला लावलं म्हणून मला कोणी नावं ठेवू नयेत. मी तिच्या हातातला खराटा काढून घेतला होता, तर तिनं एक अख्खा दिवस भाकरीला हात लावला नाही. ती बसून झाडायची, डाव्या हातानं पुढची जमीन चाचपायची आणि उजव्या हातानं खराटा मारायची. तिनं झाडलेल्या अंगणात काडी सापडायची नाही. आमच्याआधी उठायची आणि झाडता झाडता ओरडायची, "ऊठा रे, दिन निंघना!" दिवस निघाला की नाही हे तिला कोंबड्यावरून कळायचं, आणि कोंबडं आमच्या धर्मशाळेइतकंच आळशी होतं, त्यामुळे कधी कधी ती आम्हाला अंधारातच उठवून बसवायची.

मोठी माय तिथं कशी आली ते तिनं सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की तिच्या शेजारच्या खाटेवरची भांडखोर म्हातारी ती गोष्ट तिच्या आधी सांगून संपवायची. मागच्या एका प्लेगात तिचं गाव शेतात राहायला गेलं. घरात तीन पोरं, सुना, नातवंडं. गाडी भरली, जागा उरली नाही. पोरं म्हणाली, तू बस, गाडी परत धाडतो. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, भाकरी ठेवल्या आणि गेली. ती वाट बघत बसली. मग भूक लागली म्हणून चाचपडत चुलीपाशी गेली.

"मी चुल्हामा हात घाला," ती सांगायची, "तर राख थंडी व्हती. विस्तव लई गयात. तवय मले समजनं, आते कोनी येस नही."

आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे चुलीतला विस्तव बरोबर न्यायचा. काड्यापेट्या आल्या होत्या, पण जुन्या माणसांना नव्या जागी परका जाळ पटायचा नाही. मडक्यात राख घालायची, तिच्यावर निखारे आणि वर पुन्हा राख. नव्या जागी चूल मांडली की त्याच विस्तवावर पहिला स्वयंपाक. आणि घरात एखादं माणूस जरी मागे राहणार असलं तर त्याच्यापुरते दोन निखारे चुलीत पुरून ठेवायचे. तिच्या पोरांनी ते ठेवले नाहीत. विसरले असतील. घाईत माणूस काय काय विसरतं. पण मोठी माय म्हणायची की तांब्या आठवला आणि विस्तव विसरला, असं कसं होईल?  आबांच्या गाडीवानाला ती सापडली तेव्हा ती रस्त्याच्या कडेनं हात पुढे करून चालत होती.

तिच्यासारखे आणखीही होते. सगळेच प्लेगातले नव्हेत, पण बहुतेकांना कोणीतरी "येतो हं" म्हणून सोडून गेलेलं. नवापूरकडच्या डोंगरातल्या कोकणी जमातीचा एक म्हातारा होता, तो रेल्वेच्या कामावर खडी फोडायला आलेला. दगडाखाली पाय गेला, आणि काम पुढे सरकलं तशी त्याच्याबरोबरची माणसंही पुढे गेली. त्याची बोली आम्हाला कळायची नाही आणि आमची त्याला अर्धीच कळायची. तो कुबडी घेऊन दाराशी बसायचा आणि आलेल्या-गेलेल्याला रामराम करायचा. माझ्या मते धर्मशाळेत तेवढाच एक माणूस सुखी होता.

त्या हिवाळ्यात गावात पुन्हा उंदीर पडायला लागले. आधी बाजाराकडे, मग स्टेशनाकडे. डॉक्टर प्लेगची लस टोचायला आला. मी दंड पुढे केला, आणि मग चार दिवस तो दंड घेऊन कण्हत बसले. ते बघून धर्मशाळेतल्या एकानंही टोचून घेतलं नाही. आबांनी गावाबाहेर एका शेतात आमच्यासाठी झोपड्या घालून ठेवल्या. शेजारीच मिरची वाळत घातलेली, लालभडक पथारी, वारा आला की शिंका. भांडखोर म्हातारी म्हणाली, तिथं प्लेग कशाला येईल, त्यालाही ठसका लागेल. बेत ठरला होता. पहिला उंदीर पडला की मी निरोप धाडायचा, गाड्या तयार.

पण आमच्याकडे उंदीर पडेना. दोन्ही बाजूंची घरं रिकामी झाली, आम्ही तिथंच. मी रोज कणग्या सरकवीत होते. लोक म्हणाले, म्हाताऱ्यांच्या पुण्याईनं वाचलात. आबा म्हणाले, पुण्याई राहू दे, गाड्या पाठवतो. मी म्हातारी माणसं तयार करायला लागले, तर कोणी खाटेवरून हलेना. उंदीर पडला नाही तर का जायचं? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आबांनी आठवडाभर थांबायचं कबूल केलं.

त्या आठवड्यातच एका सकाळी "ऊठा रे" ऐकू आलं नाही. मी बाहेर आले तर अंगण न झाडलेलं, आणि मोठी माय खराट्याजवळ भिंतीला टेकून बसलेली. अंग तव्यासारखं तापलेलं. तिला उचलून आत न्यायला काखेत हात घातला, तशी ती किंचाळली. काखेत गाठ होती.

मी तिला निजवलं आणि विचारलं, कारण मला विचारायलाच हवं होतं, "मोठी माय, तुले उंदीर सापडना का?"

तिनं तोंड फिरवलं. आंधळं माणूस तोंड फिरवतं तेव्हा फार वाईट वाटतं, त्याला काय बघायचं नसतं कोण जाणे.

"पडनात, बेटा," ती म्हणाली. "रोज पडतस. मी राखमा दाबी दिनात."

आमच्याआधी उठून ती अंगण आणि पडवी हातानं चाचपून झाडत होती, आणि जे सापडेल ते मागच्या राखेच्या ढिगाऱ्यात पुरत होती. मी उठून कणग्या सरकवेपर्यंत तिचं सगळं आवरलेलं असायचं. मी मागे जाऊन काठीनं ढिगारा उकरला. पुढचं लिहीत नाही.

मी परत आले ती संतापून. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, तरी ओरडले. एवढी माणसं इथं झोपतात, तुला काही वाटलं नाही का? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उंदीर पडना की गाड्या येतीन. गाड्या उन्यात की तुमी समदा जाशात. मी मांगे ऱ्हासू." आणि वर म्हणाली, "मीच नही. आठे धर्मशाळामा समदा तसाच शेतस."

तिनं माणसं जपली होती. मीही तीच माणसं जपत होते. मी त्यांना मरणापासून जपत होते आणि ती त्यांना गाडीपासून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, तसं झालं. पण कोणी मला सांगतं की तिनं सगळ्यांचं मरण स्वतःवर घेतलं, तेव्हा मला राग येतो. तिनं काही घेतलं नाही. तिची चूक झाली, आणि त्या चुकीत आम्ही सगळेच गेलो असतो. मला ती आवडायची म्हणून मी तिची चूक गोड करून सांगणार नाही.

निरोप गेला आणि दुपारच्या आत आबा गाड्या घेऊन आले. मोठ्या मायच्या गाठीबद्दल मी दारातच सांगितलं. ते उंबऱ्याबाहेर थांबले. मागच्या प्लेगात त्यांचा तरणा मुलगा आणि सून एका आठवड्यात गेली होती, आणि तेव्हापासून ताप म्हटलं की त्यांच्या ओठांचा रंग जायचा. ते म्हणाले, आजारी माणसाला झोपड्यांत नेता येणार नाही. एकतर प्लेगच्या रोग्यांच्या सरकारी छपरात पाठवावं लागेल, आणि त्या छपरातून कोण परत येतं ते तुला माहीत आहे. नाहीतर इथंच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती आज-उद्यानी शे. उशाले पानी ठेव नि चाल."

मी त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदरही खाली येऊ दिला नव्हता. त्या दिवशी पदर कुठे होता मला आठवत नाही. मी म्हणाले, "आबा, तिना पोरेस्नी बी हाईच करं व्हतं."

त्यांनी मान फिरवून गाड्यांकडे पाहिलं. मी म्हणाले, मी राहते. ते म्हणाले, मग झोपड्यांत स्वयंपाक कोण करणार? तू इथं राहिलीस तर तुला तिकडे पाऊल टाकता येणार नाही, समजतंय का? मला समजत होतं. एकीकडे एक मरणारी आणि दुसरीकडे एवढी जिवंत माणसं, आणि मी एकटी. कोणत्या पारड्यात काय घालायचं ते शहाण्यांनी सांगावं. मी काही तोलून पाहिलं नाही.

आणि इकडे जिवंत माणसंही हलायला तयार नव्हती. गाड्या बघून ती जी बसली ती बसली. एकीनं तर खांबाला मिठी मारली. गाडीवानांनी हाताला धरून उठवायला बघितलं, आरडाओरडा झाला. आबा गरजले, सरकारी शिपाई बोलावतो म्हणाले. भांडखोर म्हातारी पडवीच्या मधोमध मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पहिले विस्तव. चुल्हा मांगे, तर आमी बी मांगे."

तेव्हा मला कळलं की मोठ्या मायची ती शंभरदा सांगितलेली गोष्ट या सगळ्यांनी कंटाळून ऐकली होती आणि एक अक्षर विसरली नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. मडक्यात राख घातली, चुलीतले चांगले फुललेले निखारे चिमट्यानं वर मांडले, त्यांच्यावर पुन्हा राख. चुलीत मागच्या बाजूला थोडे ठेवले आणि वर एक गोवरी टाकली. मडकं घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांना दिसेल असं पहिल्या गाडीवर ठेवायला गेले. गाडीत गवत होतं, तिथं विस्तव ठेवणं म्हणजे आणखी एक संकट. कोकणी म्हातारा दाराशीच होता. त्यानं कुबडी गाडीत टाकली, हातांच्या जोरावर वर चढला, फाटकी घोंगडी मांडीवर घडी करून घेतली आणि हात पुढे केले. मी मडकं त्याच्या मांडीवर दिलं. तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. पण त्यानं ते धरलं होतं असं, जसं कोणाचं तान्हं मूल धरावं.

मग एकेक जण उठायला लागलं. खांबाची मिठी सुटली. भांडखोर म्हातारी सर्वांत शेवटी उठली. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, भाकरीची काळजी करू नकोस, मी करीन, जळल्या तर जळक्या खातील मेले. मग आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत जाऊ नको म्हणून मी ओरडले. ती दारातूनच ओरडली, "ऊठ व माय, अंगन कोन झाडी?"  तिनं डोळे पुसले आणि मलाच शिवी देऊन गाडीत बसली.

गाड्या हलल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता, आणि तो मलाच नाही, आतही ऐकू येत होता. तो पुरता थांबला तेव्हा आतून हाक आली. हाक नव्हे, नुसता आवाज. मी गेले तर ती उठून बसली होती, खाटेखाली पाय टाकून, आणि हात पुढे करून हवा चाचपत होती.

"गयात?" तिनं विचारलं.

"गयात. मी शे ना."

तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं तापात तिला भास होतो आहे. मी तिचा हात धरला तरी ती माझी बोटं मोजल्यासारखी चाचपत राहिली. म्हणाली, "विस्तव गया?"

मी तिला उचललं. ती हलकी झाली होती, वाळल्या काडीसारखी. स्वयंपाकघरात चुलीजवळ गोधडी टाकून तिला निजवलं आणि तिचा हात धरून चुलीच्या कडेच्या राखेत ठेवला. चटका बसणार नाही अशी जागा मी आधी स्वतः पाहून घेतली होती. तिचा हात तिथं थोडा वेळ तसाच राहिला.

"ऊन शे," ती म्हणाली. आणि निजली.

पुढचे दिवस मी चूल विझू दिली नाही. तापात ती कधी मला पोरांच्या नावानं हाका मारायची, कधी सुनेला शिव्या द्यायची, पण मध्येच जाग आली की हात राखेकडे जायचा. पोचला नाही तर मी पोचवायची. गोवऱ्या संपत आल्या. शेजारची घरं रिकामी, मागायचं कोणाकडे? दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी एक पोतं दिसलं, गोवऱ्यांनी भरलेलं, वर फडक्यात बांधलेल्या भाकरी. भाकरी जळक्या होत्या, त्यावरून झोपड्यांत चूल पेटल्याचं मला कळलं. पोतं कोणी आणलं ते दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उभी राहिले. आबा स्वतः पाठीवर पोतं घेऊन येत होते. आयुष्यभर ज्यानं गड्याकडूनच ओझी उचलून घेतली तो माणूस. मला बघून ते दुरूनच थांबले, पोतं खाली ठेवलं आणि विचारलं, "शे का?"

"शे," मी म्हणाले. ते वळून गेले.

ती एका दुपारी गेली. मी बाजरी निवडत होते. तिनं हात पुढे केला, मी नेहमीसारखा तो राखेत ठेवला, आणि ती काही म्हणते का म्हणून वाट बघितली.  मी निवडत राहिले. सूप रिकामं झालं तेव्हा हात काढून घ्यायला गेले, तर हात ऊन होता आणि बाकी माय गार होती.

झोपड्यांत त्या साली कोणालाही काही झालं नाही. सगळे परत आले, मिरचीच्या शिंका देत आणि माझ्या नावानं खडे फोडत, की हिनं आम्हाला जळक्या भाकरीवर सोडलं. पण ते पुढे, उन्हाळ्यात.

त्या दुपारी मात्र रस्त्यानं जाणाऱ्या एकाकडे मी निरोप धाडला, आणि फाटकात मी आणि आबा, दोघंच. प्लेगाच्या मढ्याला खांदा द्यायला कोण येणार? एक गाडीवान कसाबसा तयार झाला. गाडीत तिला ठेवलं, वर कोरं लुगडं घातलं. मग प्रश्न आला तो विस्तवाचा. मढ्यापुढे घरचा विस्तव मडक्यात घेऊन चालायचा मान पोटच्या पोराचा. तिची तीन पोरं कुठल्या शेतात होती, देव जाणे. बाईमाणसानं स्मशानात जायची रीत नाही. मी मडकं भरून फाटकापाशी ठेवलं आणि उभी राहिले. काय करावं मला सुचेना.

आबांनी पायातल्या वहाणा काढल्या. डोक्याचा फेटा काढून गाडीच्या खुंट्याला अडकवला. वयानं ते मोठ्या मायहून फार लहान नव्हते. त्यांनी मडकं उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि गाडीच्या पुढे झाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुल्हामा ठेवेल शे ना थोडा?"

"ठेवेल शे," मी म्हणाले.

ते चालायला लागले. धुळीत अनवाणी, टक्कल उन्हात, मागे गाडी. वळणापर्यंत मी बघत होते. मग आत आले, चुलीपुढे बसले आणि राखेत हात घातला. ऊन होती.